बर्फावरची मारामारी बघणारे

त्या इमारतीत शिरलं की आधी वास यायचा. बाहेर ऑगस्टचं ऊन, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसेल असं, आणि आत एकदम अंगावर येणारी थंड, ओलसर हवा. पण ती हवा ताजी नसायची. ओल्या रबराच्या चटया, बटाटे तळून तळून काळं झालेलं तेल आणि महिनोन्महिने न धुतलेले, घामाने आंबलेले हातमोजे, या सगळ्याचा मिळून एक वास तिच्यात मुरलेला असायचा. मी नर्स. वासाचं मला एरवी काही वाटत नाही. पू, लघवी, चिघळलेल्या जखमा, सगळं नाकाखालून गेलेलं. तरी पहिल्याच दिवशी त्या वासाने मी ओढणी नाकाला लावली. बाकीची माणसं मात्र जत्रेला आल्यासारखी हसत आत चालली होती.

नव्वदच्या दशकातली, बहारीनमधली ही गोष्ट. आम्ही सनद भागात एका तीनमजली इमारतीत राहायचो. मी एका मोठ्या इस्पितळात सर्जिकल वॉर्डला होते. ह्यांची नोकरी मीना सलमान बंदरावर, जहाजदुरुस्तीचं सामान ठेवायच्या गोदामात. मुलगी तेव्हा तिसरीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. शेजारी रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईंना मी भाभी म्हणायची आणि त्या मला, सगळी इमारत म्हणायची तसं, सिस्टर.

ह्यांचा स्वभाव आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे खेडचे. मासे खाऊनच वाढलेले, पण मासा कापताना स्वयंपाकघरात थांबायचे नाहीत. सुरमई आणली की पिशवी ओट्यावर ठेवायची आणि गॅलरीत जाऊन पेपर उघडायचा. कधी कुणावर आवाज चढवला नाही. रस्त्यात दोन टॅक्सीवाले भांडायला लागले तर हे दुसऱ्या बाजूने चालायला लागायचे. लग्न ठरताना माझ्या आईला हीच गोष्ट आवडली होती. "गरीब गाय आहे गं मुलगा," म्हणाली होती.

ह्यांचा साहेब कॅनडाचा होता. उंच, भुवया जवळजवळ पांढऱ्या, बोलणं इतकं हळू की गोदामात पंखा चालू असला तर ऐकू यायचं नाही. सामान उचलणाऱ्या माणसांनाही तो सकाळी गुड मॉर्निंग म्हणायचा आणि मागून कुणी येत असेल तर दार धरून उभा राहायचा. माझ्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्याने ह्यांची रजा एका शब्दात मंजूर केली होती. आमच्या घरात त्याचं नाव देवासारखं घेतलं जायचं. तर हा साहेब शुक्रवारी संध्याकाळी बर्फावरची हॉकी खेळायचा, आणि एकदा त्याने ऑफिसातल्या सगळ्यांना बघायला बोलावलं.

वाळवंटातल्या बेटावर बर्फाचं मैदान, हे ऐकून मला हसूच आलं होतं. पण होतं खरं. मशिनने गोठवलेलं, मोठ्या गोदामाएवढं, आणि एका बाजूला बसायला चढत्या पायऱ्या. इतर दिवशी तिथे पोरंटोरं घसरायला यायची. शुक्रवारी गोऱ्यांचे संघ खेळायचे. कुणी बँकेतले, कुणी तेलाच्या कामावरचे, कधी कधी समुद्रावरचा कॉजवे ओलांडून सौदीतून आलेले.

पहिल्या वेळी हे एकटेच गेले. परत आले ते वेगळेच माणूस होऊन. जेवायच्या आधी बाथरूमच्या ओल्या फरशीवर साबणाची वडी सोडून त्यांनी मला आणि मुलीला खेळ समजावला.

"ही बघ, ही रबराची चकती. पायात पात्यांचे बूट. पळायचं नाही, घसरायचं. आणि वेग असा, की आपली नजर पोचेपर्यंत चकती दुसरीकडे गेलेली असते. आणि मधे जो येईल त्याला असा खांद्याने..." म्हणून त्यांनी बाथरूमच्या दाराला खांदा मारला. दाराची कडी निखळली. ती पुढे कितीतरी दिवस तशीच लोंबत राहिली.

मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "अगेन, पप्पा! डू इट अगेन!"

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं गेलो.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीची काही मिनिटं मला आवडली. पाती बर्फावर घासताना एक आवाज येतो, नवीन कापडात कात्री सरकवावी तसा. ती माणसं अंगावर चिलखतासारखं काय काय बांधून बेढब झालेली होती, पण वळताना अशी वळायची की जणू हाडंच नाहीत. त्यांतला एक बुटका होता, डावखुरा. तो चकती घेऊन निघाला की चौघांच्या मधून असा निसटायचा की मी नकळत पुढे सरकून बसले. बहारीनच्या उन्हाळ्यात सगळं कसं जड झालेलं असायचं. माणसं सावली धरून चालायची, दुपारी रस्ते ओस पडायचे, बोलायलाही जिवावर यायचं. आणि इथे हा वारा प्यायलेला वेग. लोक कशासाठी येतात ते मला कळलं, असं वाटलं.

पण लोक त्यासाठी येत नव्हते.

तो बुटका कडेच्या फळ्यांजवळून चालला होता. समोरून एक आडदांड आला आणि त्याने त्याला फळीवर असा चेपला की वरचं जाड प्लॅस्टिक थरथरलं. बुटका खाली बसला. तोंडातून रक्ताची धार हनुवटीवर आली. मी "अगं आई" म्हणाले, आणि माझ्याभोवतीची सगळी माणसं आनंदाने उठून उभी राहिली. माझ्या मागे एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, ती पोरासकट उठली. लगेच बुटक्याच्या संघातल्या कुणीतरी हातमोजे फेकले, आडदांडानेही फेकले, आणि दोघं एकमेकांचे शर्ट धरून ठोसे मारायला लागले. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले दोन पंच बाजूला उभे. सोडवत नव्हते. दोघं थकून खाली पडेपर्यंत वाट बघत होते.

"पंच सोडवत का नाहीत?" मी विचारलं.

"अगं, तसा रिवाज आहे," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता. ह्यांचे डोळे चमकत होते, आणि वरच्या ओठावर त्या थंडीत घाम आला होता.

साहेबाची बायको आमच्या पुढच्या पायरीवर होती. तिने मागे वळून मक्याच्या लाह्यांचा पुडा माझ्यापुढे केला. "पहिल्यांदा बघताना असं वाटतं. नंतर सवय होते," ती गोड आवाजात म्हणाली. लाह्यांना लोण्याचा वास येत होता. समोर तो बुटका दात चाचपत बाहेर चालला होता. मी मान हलवून नको म्हटलं.

त्यानंतर मी लोकांकडे बघायला शिकले. मैदानावर चकती इकडून तिकडे सुंदर फिरत असायची, आणि माणसं आपसांत बोलत, खात, घड्याळ बघत बसलेली. कुणी कुणाच्या अंगावर गेलं की माना एकदम वळायच्या. नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या, ऑफिसात टाय लावणाऱ्या, मुलांना बोट धरून आणणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी वॉर्डात कधी पाहिलं नव्हतं. कावळे मासळीबाजारात टोपलीभोवती उतरतात, तसं काहीतरी.

"मला नाही यायचं परत," मी घरी आल्यावर म्हणाले.

"नको येऊस. मी पोरीला घेऊन जातो. ती तरी दोन तास गारव्यात बसेल," हे म्हणाले. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात गारवा ही मोठी गोष्ट होती. आमच्या घरातला एसी आवाज जास्त करायचा आणि हवा कमी सोडायचा. मी नाही म्हणू शकले नाही.

थोड्या दिवसांनी भाभी दारात आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"सिस्टर, तुजी पोर चांगली हाय, पन आज काय झाला तिला? खेळता खेळता माझ्या पोरीला ढकलून दिलान फ्रिजवर. आनि वर हसते!"

मी मुलीला बोलावलं. ती बिनधास्त म्हणाली, "इट वॉज अ क्लीन हिट, मम्मी."

मी तिच्या पाठीत धपाटा घालणार होते. मग हात खाली घेतला. तिला मारून मारू नकोस असं कसं सांगणार? भाभींच्या मुलीच्या कपाळावर मी बर्फ धरला आणि त्यांची माफी मागितली. भाभी बिचाऱ्या म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे गो, पोरंच ती." पण त्यांची मुलगी आमच्याकडे खेळायला यायची थांबली.

म्हणून त्यानंतर मी स्वतःच मुलीबरोबर जायला लागले. ह्यांच्या भरवशावर तिला तिथे सोडायची माझी तयारी नव्हती. आणि अशाच एका शुक्रवारी ते घडलं.

सौदीतून संघ आला होता. पायऱ्या भरलेल्या. ऑफिसातली बरीच मंडळी होती, अकाउंटंट, त्याची बायको, ड्रायव्हर, गोदामातले दोघंतिघं. खेळ मात्र रटाळ चालला होता. कुणाचाच गोल होत नव्हता, मारामारी नव्हती, लोक जांभया देत होते. मागून कुणी शिट्ट्या मारायला लागलं. अकाउंटंट हिंदीत म्हणाला, "आज मजा नहीं आ रहा."

पाहुण्या संघातला एक तरणा खेळाडू चकती घ्यायला कोपऱ्यात गेला. त्याचं तोंड फळीकडे होतं, पाठ मैदानाकडे. मागून साहेब आला. आमचा साहेब, दार धरून उभा राहणारा. तो लांबून वेग घेत आला. थांबायला त्याला जागा होती, वेळही होता. तो थांबला नाही. त्या मुलाचं डोकं हेल्मेटसकट फळीवर आदळलं. असा आवाज मी एकदाच ऐकलाय. नारळ फोडायला दगडावर आपटावा आणि तो फुटू नये, तसा.

पायऱ्यांवर एकच गर्जना झाली. हे उभे राहून दोन्ही मुठी हवेत नाचवत होते. "मारला! साहेबांनी मारला!" मुलगी बाकावर चढून किंचाळत होती.

तो मुलगा उठला नाही. त्याचा एक पाय थोडा हलला, मग तोही हलेना. गर्जना हळूहळू विरली.

मी खाली कशी गेले ते आठवत नाही. कडेचं छोटं दार कुणीतरी उघडलं आणि मी चपलांनी त्या बर्फावर पाय ठेवला. दुसऱ्या पावलाला सपशेल आपटले. कोपर सोलवटलं. वरून कुणी तरी हसलं, आणि ते हसणं मी नीट ऐकलं. मग मी उठायचा प्रयत्न सोडला आणि गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत गेले.

त्याच्या संघातला एकजण त्याचं हेल्मेट ओढून काढत होता. "हात लावू नका! मान हलवू नका!" मी ओरडले. दोन्ही हातांनी त्याचं डोकं जसं होतं तसं धरलं. नाकातून रक्त येत होतं, श्वास चालू होता. डोळे उघडले तेव्हा त्याने विचारलं, "माझे हात कुठे आहेत?" मी सांगितलं, आहेत, इथेच आहेत. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तशीच बसून होते. गुडघ्यांखाली बर्फ, सलवार ओली होऊन मांड्यांना चिकटलेली, बोटं बधिर. साहेब जवळच हॉकीच्या काठीवर भार देऊन उभा होता. मागून पायऱ्यांवरून कुणी ओरडलं, "यल्ला, खलास! चला, खेळ सुरू करा!" आणि कुणाला काय वाटलं कोण जाणे, स्पीकरवर गाणं लागलं. नाचाचं गाणं.

त्याला स्ट्रेचरवर घालून नेल्यावर एक माणूस फावडं घेऊन आला. त्याने रक्त सांडलेला बर्फ खरवडला. गुलाबी चुऱ्याचा ढीग झाला. तो त्याने बादलीत भरला आणि निघून गेला. मी पायऱ्या चढून वर आले तर मुलगी म्हणाली, "मम्मी, इट लुक्स लाइक गोला." चौपाटीवर तिला मागच्या सुट्टीत मिळाला होता, तो रोझ सरबताचा गोळा.

मला तिचा राग आला नाही. राग आला तो ह्यांचा, कारण हे म्हणाले, "शेवटची दहाच मिनिटं राहिलीत. बघून जाऊ या?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या ओढणीला त्या मुलाचं रक्त लागलं होतं, कोपरातून माझं येत होतं. आणि हा माणूस, मासा कापताना गॅलरीत जाणारा, माझ्या खांद्यावरून मैदानाकडे बघत होता. मी मुलीचं मनगट धरलं आणि बाहेर आले. टॅक्सीत बसल्यावर मला उलटी झाली. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

तो मुलगा आमच्याच इस्पितळात होता. मानेच्या मणक्याला बारीक तडा. जीव वाचला आणि हातापायांतली जाणीवही परत आली, फक्त डाव्या हाताची बोटं काही दिवस वळत नव्हती. ड्यूटी संपल्यावर मी त्याला बघायला गेले, तर पलंगाशेजारी साहेब बसलेला. टेबलावर फुलं, चॉकलेटचा डबा. दोघं हसत होते.

"ही ती सिस्टर," साहेब त्याच्या हळू आवाजात म्हणाला. "तिनेच तुझी मान धरली होती."

मुलाने मला थँक्यू म्हटलं. मग मान पट्ट्यात आवळलेली असताना डोळे शक्य तितके माझ्याकडे वळवून त्याने विचारलं, "तुम्ही वर बसला होतात ना? वरून कसं दिसलं?"

मला आधी कळलंच नाही. "काय कसं दिसलं?"

"ती धडक. मला काहीच आठवत नाही. जबरदस्त दिसली का?"

"मी सांगितलं त्याला, सगळे लोक उठून उभे राहिले होते," साहेब म्हणाला. कौतुकाने.

साहेब निघाला तेव्हा मी त्याच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेले. त्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी विचारलं, "तुम्हाला थांबता आलं असतं. का थांबला नाहीत?"

तो खजील झाला, पण थोडासाच. उशिरा आल्याबद्दल माणूस होईल तेवढा. म्हणाला, "सिस्टर, खेळ मेला होता. लोक थंड पडले होते. तुम्हीही पाहिलंत."

मी पाहिलं होतं. त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा त्या पायऱ्यांची जास्त किळस आली. आणि त्याचीही आलीच. त्याच्या त्या नम्र आवाजाची, गुड मॉर्निंगची.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण पुढच्या गुरुवारी संध्याकाळी अकाउंटंटकडे जेवण होतं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष हॉलमध्ये. बिर्याणीचा वास सुटला होता. हॉलमधून हसण्याचे लोट येत होते म्हणून मी डोकावले. टीव्हीवर तो शुक्रवार चालू होता. कुणीतरी व्हिडिओ कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं आणि त्याची कॅसेट ऑफिसभर फिरत होती. साहेब वेग घेतो, धडकतो, मुलगा पडतो. रिमोटने मागे न्यायचं, की मुलगा उठतो, साहेब उलटा उलटा घसरत दूर जातो. मग पुन्हा पुढे.

"फिर से लगाओ, फिर से!"

पुढे आणखी होतं. बर्फावर एक बाई येते, सलवार-कमीज घातलेली. दोन पावलं टाकते आणि दाणकन पडते. कॅमेरावाल्याने तिच्यावर कॅमेरा नेमका जवळ आणला होता. ती रांगायला लागते. हॉलमधले सगळे खदाखदा हसले. त्यांत हे होते. हातात बिर्याणीची ताटली, तोंडात घास. घास तोंडात ठेवून हसत होते.

मग कुणाला तरी मी दारात उभी दिसले. हसणं थांबलं. अकाउंटंट घाईने म्हणाला, "सिस्टर, आप तो हीरोईन बन गईं!"

मी पुढे गेले, मशिनचं बटण दाबलं, कॅसेट बाहेर आली ती पर्समध्ये टाकली आणि मुलीला हाक मारली. मागोमाग हेही आले. आम्ही घरी पोचलो. दाराला आतून कडी लावल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून त्या कॅसेटमधली फीत हाताने ओढून काढायला लागले. तिचा तपकिरी गुंता पायाशी जमला.

"त्याने काय होणार?" हे म्हणाले. "आणखी चारजणांकडे आहे ती."

"माहीत आहे मला."

"तू मला गुन्हेगार का समजतेस? मी कुणाला बोट लावलंय?" ह्यांचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "अगं, वर्षभर आपण ह्या लोकांपुढे येस सर, येस सर करतो. हे सांगतील तिथे उभं राहायचं, हे बोलतील ते ऐकून घ्यायचं. व्हिसा त्यांच्या हातात, रजा त्यांच्या हातात. शुक्रवारी दोन तास का होईना, त्यांची तोंडं फुटताना दिसतात. आपण वर बसतो, ते खाली मार खातात. एवढं पण बघायचं नाही?"

मी फीत ओढायची थांबले. हे ह्यांच्या मनात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि ते मला कळलं, हीच मोठी पंचाईत. माझ्या वॉर्डात एक गोरी मेट्रन होती. ती कधी बर्फावर पडली असती तर मीही कदाचित मदतीला जागेवरून उठले नसते.

पण मग मला ते आठवलं, मुठी नाचवणारे हे. मी म्हणाले, "मग ओरडत काय होतात? 'साहेबांनी मारला' म्हणून ओरडत होतात. ज्याने मार खाल्ला तो तुमचा साहेब नव्हता. मारलं ते तुमच्या साहेबाने. तुम्ही तिथेसुद्धा येस सरच म्हणत होतात."

ह्यांनी खाली बसून जमिनीवरचा तो गुंता गोळा केला आणि पिशवीत भरून खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आले.

मला वाटलं आता हे जायचे थांबतील. नाही थांबले. दोन शुक्रवार घरी बसले, खिडकीतून बाहेर बघत, मुलीवर उगाच चिडत. तिसऱ्या शुक्रवारी दाढी केली, शर्ट बदलला आणि "जरा जाऊन येतो" म्हणून गेले. मी कुठे म्हणून विचारलं नाही. येताना ह्यांच्या कपड्यांना तोच वास होता. मी ते कपडे बाकीच्यांत न मिसळता वेगळे भिजत घातले, वॉर्डातले कपडे घालते तसे.

पुढे एकदा जेवताना हे म्हणाले, "तो मुलगा आला होता आज. मानेला पट्टा आहे अजून. खेळू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे त्याला, कायमचं. पण बघायला आला कॉजवे ओलांडून. पहिल्या पायरीवर बसला होता. काय ओरडतो! सगळ्यांत जास्त आवाज त्याचाच." हे सांगताना ह्यांचा चेहरा फुलला होता. जणू चांगली बातमी होती. मी ताट उचललं आणि उरलेला भात बेसिनमध्ये ओतला.

मुलीला मी शुक्रवारी जाऊ दिलं नाही. ती रडली, रुसली, मी व्हिलन झाले. पण तिला ते पात्यांचे बूट हवे होते आणि त्याला मी नाही म्हणू शकत नव्हते, कारण ते घसरणं मलाही आवडलं होतं. म्हणून माझी सकाळची शिफ्ट असली की आठवड्यात एकदा दुपारी मी तिला तिथे न्यायची. तेव्हा पायऱ्या रिकाम्या असायच्या. चारदोन मुलं, एखादं फिलिपिनो जोडपं हात धरून अडखळत चाललेलं. ती पडायची, उठायची. हळूहळू पडणं कमी झालं. एका दुपारी ती पूर्ण फेरी मारून एका पायावर वळली, हात पसरून, आणि तिची वेणी तिच्या मागून गोल आली. मी एकटी वर बसले होते. टाळी वाजवली तर त्या रिकाम्या जागेत केवढी तरी मोठी वाजली.

खालून बूट भाड्याने देणारा माणूस वर आला. भला होता, आमच्या मुलीला नेहमी नीट बसणारी जोडी शोधून द्यायचा. कठड्याला रेलून तो तिच्याकडे बघत राहिला.

"बहोत फास्ट है आपकी बेटी," तो म्हणाला. "मुलींचा हॉकीचा संघ काढतायत इथे. टाका तिला. अशी डेअरिंगवाली मुलगी लोकांना आवडते. बघायला गर्दी होईल."

मी खाली उतरले, कठड्याशी जाऊन मुलीला हाक मारली.

"मम्मी, फाइव्ह मिनिट्स!"

"खलास," मी म्हणाले. "बूट काढ."

तिने कुरकुरत बूट काढले. मी ते त्या माणसाच्या फळीवर ठेवले, तिच्या गार पडलेल्या पायांत चपला घातल्या आणि तिला घेऊन बाहेर उन्हात आले.